परबांनी न केलेली सही

परब काका फोनचा रिसीव्हर उचलायचे तो आधी कानाला नाही, नाकाला लावायचे. एकदा वास घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. "शी! कोण बसतं गो इथे? तंबाखू खातो आणि फोनातच थुंकतो की काय?" मग खिशातून फडकं आणि स्पिरिटची बाटली निघायची. आमच्या ऑफिसात साठ फोन. दर मंगळवारी ते साठही फोनांचा वास घेत फिरायचे.

अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकण्यासाठी दिवसभर लोकांना फोन करायचे, हा धंदा. लोकांना स्वच्छ पाणी विकायचं आणि आपण तीन पाळ्यांत एकच हेडफोन घालायचा. त्याच्या स्पंजाला घामाचा, तेलाचा, कुणाच्या तरी फुटलेल्या कानाचा वास. मुलींचे कान ठणकायचे. साहेब म्हणायचे, "सवय होते." परब काका म्हणायचे, "दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश घेशील? मग दुसऱ्याचा कान कित्याक घेतंस?"

ते जोगेश्वरीला राहायचे, मूळचे मालवणकडचे. टेलिफोनच्या कामात केस पांढरे झालेले; आमचे फोन आणि ते जोडणारं एक्स्चेंज तेच सांभाळायचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण चिडले की मालवणी बाहेर पडायची. मी ॲडमिनला होते. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी पहिली मीच, आणि ते मी कुणाला विसरू द्यायची नाही. माझे वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. पगाराच्या वहीत अंगठा उठवायचे. म्हणून मला माझ्या सहीचा फार अभिमान. कागद कसलाही असो, मी पूर्ण नाव लिहून खाली रेघ ओढायचे. काका चिडवायचे, "ग्रॅज्युएट बाय, सही करतंस की रांगोळी काढतंस?"

ऑफिसचे दोन नियम होते. कामावर येताना प्रत्येकाचा मोबाईल तळमजल्यावरच्या लॉकरमध्ये. साहेब सोडून सगळ्यांचा, माझासुद्धा. आणि टेबलावरच्या फोनवरून स्वतः नंबर फिरवायचा नाही. गिऱ्हाइकाचे नंबर मशीन लावणार. मुली घरी फोन करतात म्हणून साहेबांनी बाकी सगळं बंद करून घेतलं होतं. त्यात एकशे बाराही गेला. पोलीस, ॲम्ब्युलन्स, आग, सगळ्याचा नंबर. "तेवढा तरी सोडा," असं काका दर मंगळवारी सांगायचे. साहेब मान हलवायचे आणि विसरायचे.

एकशे बारा लागायचा तो या साठांबाहेरच्या एकाच फोनवरून. मीटिंगच्या खोलीतला, नवाकोरा, पुसलेला, वर आपत्कालीन नंबरांचा छापील कागद चिकटवलेला. आम्ही जिची यंत्रं विकायचो त्या मोठ्या कंपनीचा तपासनीस वर्षातून एकदा यायचा, त्याला हाच फोन दाखवायचा. आम्ही त्या फोनला 'नवरी' म्हणायचो. एरवी खोलीला कुलूप, कारण नवरी मळता कामा नये.

एके दुपारी फोन करणाऱ्या मुलींपैकी कविता खुर्चीवरून खाली पडली. तिला दम्याचा त्रास होता. ओठ निळे पडायला लागले. मी तिच्याच टेबलावरून एकशे बारा फिरवला. टुक टुक टुक. शेजारचा उचलला. टुक टुक टुक. नवरीची किल्ली साहेबांकडे, आणि साहेब जेवायला बाहेर. शेवटी एकजण जिने उतरून लॉकरकडे धावला, तर चावी असलेला वॉचमन जागेवर नाही. आम्ही चौघींनी कविताला उचलून खाली नेलं आणि रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर वाट लागली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. मला वाटलं, फोन सुरू करतील. ते म्हणाले, "बाहेर कुठे बोलायचं नाही. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे."

तपासणीआधी एक फॉर्म भरायचा असतो. त्यात एक ओळ होती : प्रत्येक फोनवरून आपत्कालीन क्रमांक लागतो. खाली दोन सह्या, टेक्निशियनची आणि ॲडमिनची. साहेबांनी फॉर्म काकांपुढे सरकवला.

"परब, करा सही."

"आधी साठही फोनांवर एकशे बारा उघडतो, मग करतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"अहो, तो फक्त नवरी बघतो. दरवर्षीचंच आहे."

"दरवर्षी ही ओळ नव्हती. आणि दरवर्षी पोरगी निळी पडली नव्हती."

"मग मी दुसरा माणूस आणतो."

"आणा ना! मी खोटा लिवचंय नाय."

साहेबांनी फॉर्म माझ्याकडे वळवला. मी काकांकडे बघितलं नाही. नोकरी कायम व्हायची होती, घरात पगार माझा एकटीचा, हे सगळं मी तेव्हा मनात म्हटलं आणि आजही म्हणू शकते. मी सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ.

काकांनी ती वाचली. मी शिवीची वाट बघत होते. ते एवढंच म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हां तुझं." हत्यारांची पिशवी उचलली आणि गेले.

दुसऱ्या टेक्निशियनने ऑफिसात पाय न ठेवता सही पाठवली. तपासनीस आला, नवरी उचलली, "व्हेरी गुड" म्हणाला, ढोकळा खाऊन गेला. हाताचं तेल रिसीव्हरला तसंच.

दोन आठवड्यांनी कविता कामावर आली. बसायच्या आधी तिने टेबलावरच्या फोनवर हात ठेवला. "मॅडम, आता लागतो ना ह्याच्यावरून?"

मी "हो" म्हटलं. कागदावर तसंच लिहिलं होतं ना मी! स्वतःच्या तोंडाची एवढी घाण मला कधी वाटली नव्हती.

त्या रविवारी ऑफिस बंद असताना मी वॉचमनकडून दार उघडून घेतलं आणि मोबाईलवरून काकांना फोन लावला. वाटलं, उचलणार नाहीत. उचलला. मी काय करायचंय ते सांगितलं. "पासवर्ड बदललानी काय मेल्यांनी?" त्यांनी विचारलं. नव्हता बदलला. मग ते एकेक बटण सांगत गेले, मी एक्स्चेंजवर दाबत गेले. साठ फोन. मध्येच धाप लागायची त्यांना, थांबायचे, "हां, पुढचा," म्हणायचे. त्या सहीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

शेवटचा झाल्यावर मी म्हटलं, "आता साठही लावून बघते."

"खुळी काय तू? तिकडे माणूस बसलेलं असतं. एकच लाव, आणि आधी माफी माग."

मी कविताच्या टेबलावरून लावला. दुसऱ्या घंटेला एका बाईचा आवाज आला, "बोला, कुठे काय झालंय?" मी म्हटलं, "माफ करा, काही झालेलं नाही. फोन लागतो का बघत होते." बाई भडकली. हा नंबर टाईमपासला आहे का, इकडे कुणाचा जीव जातोय, शिकलेल्या दिसता, एवढं कळत नाही का? तिचं सगळं ऐकून घेतलं, तिने ठेवल्यावर मग ठेवला.

मोबाईलवर काका अजून होते. "लागलो?"

"लागला."

"काय म्हणाली?"

"खूप शिव्या घातल्या."

"बरा झाला," काका म्हणाले. "माझ्याच्यान घालवत नव्हत्या."