कारण विचारणारे साळवे वकीलसाहेब

ॲड. दगडूजी साळवे यांना मी प्रथम पाहिलं ते जाफराबादच्या त्यांच्या खोलीत. माझे पती जाऊन तीन महिने झाले होते. ताप चढलेला, दवाखाना लांब. बैलगाडीतच ते गेले. धावड्याजवळच्या आमच्या गावाला मंजूर झालेला दवाखाना एका पुढाऱ्यांच्या शब्दावर त्यांच्या सोयऱ्यांच्या गावी गेला होता. तो परत मिळावा, एवढंच मला हवं होतं.

वकीलसाहेबांनी दावा लिहिला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आक्का, वाचा." पक्षकाराने स्वतः मोठ्याने वाचल्याशिवाय ते सही घेत नसत. मी किराणाच्या पुड्यांवर अक्षरं शिकलेली; वाचायला दुपार गेली. ते शांत ऐकत बसले.

दावा औरंगाबादच्या हायकोर्टात होता; निकालाआधी मी घरचं तूप घेऊन तिथं गेले. हापिसात रिकाम्या हाताने जायचं नसतं, अशी आमची समजूत.

"न्यायाधीशसाहेबांच्या बंगल्यावर देऊन येते."

साहेब हसले. "पुढाऱ्यांनी शब्द टाकला, तुम्ही तूप टाका. मंग फरक काय राह्यला?"

"त्यांचं लई मोठं हाय. माझं दोन शेर."

"वजनाचा दावा न्हाई आपला, आक्का. डबा घरी न्या."

मला राग आला. हरलो तर या डब्यापायीच, असं वाटत राहिलं.

कोर्टाने दवाखाना आम्हाला दिला नाही. फक्त विचारलं, जागा बदलल्याचं कारण फायलीत कुठं आहे? ते नव्हतंच. दोन्ही गावांचं उघडपणे ऐका आणि कारणं लिहून पुन्हा ठरवा, असा हुकूम झाला. चावडीसमोर सुनावणी झाली. पुढारी आलेच नाहीत. दवाखाना आमच्याकडे आला.

एका प्रश्नाने एवढं कसं झालं, याचं मला अजून कुतूहल आहे. मी साहेबांना विचारलं, "आता शब्द टाकणं बंद होईल का?"

"बिलकुल न्हाई. पण तोंडी सांगणारा लेखी द्यायला कचरल." मग म्हणाले, "पुढं खोटी कारणं लिहायलाही शिकतील. तवा पुन्हा वाचावं लागंल."

म्हणून गावाला आलेला प्रत्येक सरकारी कागद मी वाचत असते.

दवाखान्यावरून जाताना रोज वाटतं, गाडी इथंच थांबली असती. साहेबांना आता साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांनी एकदा येऊन आमच्या डॉक्टरांना नाडी दाखवावी. ती आणखी चाळीस वर्षं अशीच ठणठणीत चालावी. मग माझ्या घरी जेवावं. आता आपला कुठलाच दावा चालू नाही. तुपाला त्यांनी नाही म्हणू नये.