अण्णांच्या पिशवीतलं फिजिक्स

चहा आधी पिऊन घ्या, नंतर नको म्हणाल. कारण मी केलेला हा पराक्रम ऐकून माझी जिवाभावाची मैत्रीण शबाना आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आणि ती तर त्यात अर्धी भागीदार होती!

आमचं घर लातूरला. मूळ गाव औसा तालुक्यातलं, पण ते त्र्याण्णवच्या भूकंपात राहिलंच नाही. तेव्हा चौदा वर्षांचे अण्णा, म्हणजे माझे वडील, थोरल्या भावाचा हात धरून लातूरला आले ते इथलेच झाले. भूकंप बघितलेल्या माणसाच्या घरात दाराशी काय असतं? तुमच्याकडे चपला असतील. आमच्याकडे पिशवी. तिच्यात सातबारा, रेशन कार्ड, बॅटरी आणि पुठ्ठ्याच्या डबीत एक हार्ड डिस्क. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला, मांडणीवरची भांडी जरा वाजली, की अण्णांचा हात पिशवीकडे गेलाच म्हणून समजा.

त्या हार्ड डिस्कमध्ये अक्का होती. अण्णांची मोठी बहीण. दहावीचा फॉर्म भरून बसली होती आणि भूकंपात गेली. तिचा जगात एकच फोटो, तोही नायगावच्या कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये, कोपऱ्यात, हातात अक्षतांचं ताट. अण्णांनी तो स्टुडिओत स्कॅन करून घेतला आणि त्याच्यासोबत गावाचे मिळतील तेवढे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, सगळं त्या डिस्कवर भरून घेतलं. पुढं तो अल्बम वाळवीनं खाल्ला.

मग फ्रेम का नाही केली, असं विचाराल. भिंतीवर फोटो लागला की हार आला, आणि हार आला की माणूस गेलं. अण्णांना ते जमत नव्हतं. वर्षातून एकदा, भूकंपाच्या दिवशी, डिस्क काढायची, सगळ्यांनी बसून अक्काला बघायचं, परत डबीत ठेवायची. असा आमचा रिवाज.

आता माझ्याकडे या. बारावी, मेडिकलचा क्लास, आणि लातूरमध्ये तर पोर जन्मली की आधी क्लासची फी विचारतात! सराव परीक्षांसाठी अण्णांनी मला लॅपटॉप घेऊन दिला. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की तो उघडून तपासायचे.

"गेमबिम न्हाई ना गं माय?"

"न्हाई हो अण्णा."

खरंच नसायचा. तोवर मी काढून टाकलेला असायचा. पण रोज टाका, रोज काढा, जीव नकोसा झाला हो! तेव्हा शबानानं अक्कल शिकवली.

"येडी हाय का तू? गेम बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायचा. जोडली की खेळ, काढली की लॅपटॉप पाक साफ!"

बाहेरची हार्ड डिस्क कुठं मिळाली, हे आता मी सांगायला हवं का?

ती भरलेली होती. मग मी आतलं सगळं उचललं आणि लॅपटॉपच्या एका आडबाजूच्या फोल्डरात नेऊन ठेवलं. शबाना म्हणाली, "अगं, ते फोटो जपून!" मी म्हणाले, "लॅपटॉपवर हैत की. कुठं जातेत?" माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य!

डिस्कवर गाड्यांच्या शर्यतीचे नऊ गेम बसले. फोल्डरांना नावं दिली फिजिक्स एक ते फिजिक्स नऊ. अण्णा ऑफिसात गेले की माझं फिजिक्स सुरू. अण्णा यायच्या आत डिस्क डबीत, डबी पिशवीत. आई एकदा मागं येऊन उभी राहिली.

"काय करलालीस गं? गाडी कशाला पळलाली?"

"वेग आणि त्वरण, आई."

"डोळ्याला तेवढा आराम दे," म्हणाली बिचारी, आणि शेंगदाणे देऊन गेली.

फिजिक्समध्ये माझे मार्क असे घसरले की क्लासच्या सरांनी अण्णांना बोलावून घेतलं. अण्णांनी घरी येऊन लॅपटॉप उलटासुलटा तपासला. गेम एकही नाही! पण त्यांचा संशय काही जाईना. दुसऱ्या दिवशी मी क्लासला असताना ते लॅपटॉप घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

संध्याकाळी आले ते खुशीत.

"सगळं धुऊन काढलं त्यानं! पार कोरा करून दिला. कुठं काय लपलं आसंल ते गेलं बघ."

मी जेवले नाही. आईला वाटलं, मार्कांचं मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "पुसून वरून नवीन सगळं भरलंय. आता काय निघत न्हाई, ताई." गेम सगळे शाबूत होते. अक्का गेली होती, दुसऱ्यांदा, आणि या वेळी भूकंप मी होते. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज तोंड मिटून घ्यायची. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

भूकंपाचा दिवस उजाडला. काका आले, काकू आल्या. अण्णांनी अंघोळ करून पांढरा सदरा घातला, पिशवीतून डबी काढली आणि डिस्क स्वतःच्या हातानं लॅपटॉपला जोडली.

फिजिक्स एक. फिजिक्स दोन. फिजिक्स तीन.

"अक्का कुठंय?" अण्णांनी मला विचारलं.

काकाच चष्मा पुसत म्हणाले, "आरं, पोरीनं अभ्यासाला जागा केली दिसतीय. फोटो काढून टाकले व्हय गं?"

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी मान हलवली. हो!

मला वाटलं, आता अण्णा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अक्काला लई शिकायचं होतं. ती आसती तर तीच म्हणली आसती, माझा फोटो काढून टाक आन् पोरीचा अभ्यास ठिव." मग त्यांनी डिस्क काढली, सदऱ्याला पुसली आणि परत पिशवीत ठेवली. "ही बी जपाय पायजे."

मेडिकल माझ्या नशिबात नव्हतं, हे तुम्ही ओळखलंच असेल. सध्या देगलूरला एका क्लासच्या ऑफिसात बसते आणि फिजिक्सच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढते. देव असतो हो! अण्णांना मात्र अजून सांगितलेलं नाही.

मध्यंतरी सुट्टीला घरी गेले होते. सकाळची वेळ, आई पोळ्या करत होती आणि एकाएकी मांडणीवरची भांडी खडखडली. ट्रक नव्हता, खरोखरचा धक्का होता, लहानसा. आम्ही सगळे रस्त्यावर. अण्णा चष्म्याशिवाय, अनवाणी, बीपीच्या गोळ्या घरातच, आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट. मी धावत जाऊन त्यांना धरलं.

अण्णांनी आधी पिशवीत हात घालून डबी चाचपली. मग माझ्याकडे बघून हसले.

"भिऊ नको, माय. तुझं फिजिक्स वाचलं."