गुरुजींनी वाचवलेली शाळा

आमचे कडी गुरुजी पाहुण्याला नाव-गाव विचारायच्या आधी शाळेच्या भिंतीतली लोखंडी कडी दाखवायचे. निजामाच्या काळात ही शाळा म्हणजे घोड्यांची पागा होती. "हितं आदी घोडे बांधायचे, मंग तुमी आलात. घोडे लवकर शिकले रे!" असं ते आम्हा माजी विद्यार्थ्यांना चारचौघांत ऐकवत.

निवृत्तीनंतरही ते रोज वर्गावर येऊन इतिहास शिकवत. नव्या मास्तरांची हरकत नव्हती. तेवढाच मोबाईल बघायला वेळ मिळे. इतिहासात खोटं मात्र गुरुजींना खपत नसे. सरपंच एकदा म्हणाले, "पागा बरं दिसत न्हाई, राजवाडा म्हणा." गुरुजी म्हणाले, "मंग राजा कुटून आणू? बीडहून?"

पुढं धारूर रस्त्याला लागून असलेली ती जागा दुकानांच्या गाळ्यांसाठी कुणाच्या तरी डोळ्यांत भरली आणि इमारत एकाएकी धोकादायक ठरली. पाडायला आलेल्या मजुरांना तिचा एक दगड हलवताना घाम फुटला, ते सोडा. गुरुजींनी सगळ्या कचेऱ्या पालथ्या घातल्या. शेवटी मला घेऊन ते आमच्या भागाच्या पुढाऱ्यांकडे, आबासाहेबांकडे गेले.

"आबासाहेब, तुमचे आजोबा ह्याच शाळेत शिकले. लई हुशार होते."

आजोबा अंगठेबहाद्दर होते हे गावाला ठाऊक होतं, नातवाला तर नक्कीच. तरीही आबासाहेबांचे डोळे भरून आले. परतताना गुरुजी म्हणाले, "खोटं बोललो रे. पर शाळा वाचती."

इमारत वाचली. तिला रंग लागला, दारात हाती पुस्तक धरलेला आजोबांचा पुतळा बसला आणि स्मारक घाण होऊ नये म्हणून पोरांना बाजारतळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. उद्घाटनाला गुरुजींना शाल-नारळ मिळाला. मला अजूनही त्या सोहळ्याची चीड येते.

दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये आले. पत्रा तापला होता. एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, पुतळ्यातले आजोबा खरंच आपल्या शाळेत शिकले का?"

मी दारातच उभा होतो. खरं बोलावं तर स्मारक जाणार आणि त्यासोबत इमारतही. गुरुजींनी बराच वेळ खडू हातात फिरवला.

"व्हय बाळा," ते म्हणाले, "लई हुशार होते."

खडू टेबलावर ठेवून ते घरी गेले. त्यानंतर त्यांनी कुणालाच इतिहास शिकवला नाही.