अंगठ्याएवढ्या शिपायांची चोरी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंच कोणत्या गुन्ह्यात होता हेही धड आठवत नाही. रोह्याजवळच्या अष्टमी गावातलं ते प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आजही पूर्ण कळलंय असं वाटत नाही.

निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मी रोह्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून डायरी पाहत बसलो होतो, तेवढ्यात आमचे हवालदार आत आले. हसू दाबल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.

"साहेब, एक इंजिनिअर आलाय बाहेर. साठ शिपाई चोरीला गेले म्हणतो."

"कसले शिपाई?"

"तेच तर कळत नाय. प्लास्टिकचे म्हणतो."

फिर्यादी पस्तिशीचा होता. धाटावच्या एका केमिकल कंपनीत नोकरी, पुलापलीकडे अष्टमीत स्वतःचा फ्लॅट. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात तो आणि त्याचे वडील. वडील पेणच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि वाचा गेली होती. दवाखाना आणि कंपनीतला दुरुस्तीचा शटडाऊन या धावपळीत मुलाने आपलं कपाट उघडलंच नव्हतं. आदल्या दिवशी उघडलं, तर पेटी रिकामी.

मी विचारलं, "पेटीत होतं काय?"

त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. अंगठ्याएवढे सैनिक. कुणाच्या हातात भाला, कुणी घोड्यावर, एक जण निशाण धरून. हा टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ असतो म्हणाला. दोन खेळाडू आपापलं सैन्य मांडतात, फासे टाकतात, टेपने अंतर मोजून एकेक तुकडी पुढे सरकवतात. बहुतेक खेळाडू बिनरंगी सैनिक आणून स्वतः रंगवतात. ज्यांना वेळ नसतो ते कारखान्यात रंगवलेले तयार सैनिक घेतात. याचे तयार होते.

"किंमत?"

"सगळे मिळून लाखाच्या वर जाईल, सर."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

इथे माझी पहिली पंचाईत झाली. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल तर प्रकरण अदखलपात्र ठरतं. त्याच्या वर असेल तर गुन्हा दाखल करून तपास करावा लागतो. प्लास्टिकची साठ खेळणी यातल्या कोणत्या बाजूला घालायची? रोह्याच्या बाजारातल्या एका खेळणीवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "पिशवीभर येतात असे, दोनशे रुपयांत." पुण्यात अशा खेळांचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, हा संच आता निघत नाही. एकेक हजार-दोन हजाराला जातो."

"म्हणजे काम चांगलं आहे?"

"काम अगदी सुमार. कारखान्यातला रंग तो. पट्ट्यावरचा रंग अंगरख्यावर पसरतो, डोळे म्हणजे दोन ठिपके. तेही कधी गालावर."

"मग पैसे कशाचे?"

"मूळ रंगाचे. कारखान्यातून निघाला तसाच असला पाहिजे."

मी फोन ठेवला. वाईट काम, आणि ते वाईट राहिलंय म्हणून महाग. शेवटी फिर्यादीने सांगितलेली किंमत लिहिली आणि गुन्हा नोंदवला.

घटनास्थळाचा पंचनामा केला. कपाट फोडलेलं नव्हतं. किल्ली देवघराच्या खणात असायची, हे तिघांनाच ठाऊक होतं. फिर्यादी, त्याचे वडील आणि घरकाम करणाऱ्या मावशी. वडील खाटेवर पडून होते. मी आत गेलो तेव्हा त्यांनी चांगला असलेला डावा हात उचलून बोट डोळ्याला लावलं आणि हवेत एक बारीक रेघ ओढली. पुन्हा डोळा, पुन्हा रेघ.

मुलगा म्हणाला, "आठवडाभर हेच चाललंय. चष्मा मागतात वाटतं. नवा करून आणला, तर फेकून दिला."

मी पंचनाम्यात लिहिलं, वडील आजारी, जबाब देण्याच्या स्थितीत नाहीत. उरल्या मावशी.

त्या पन्नाशीच्या होत्या. माहेर पेणकडच्या मिठागरवाल्यांचं, सासर रोह्याजवळच्या गावात. अष्टमीत पाच घरची कामं करायच्या. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी मी निरोप धाडला, जरा येऊन जा म्हणून. एकदा नाही, तीन दिवस. महिला शिपाई शेजारी बसवली म्हणजे सगळं रीतसर झालं, अशी माझी समजूत. ठाण्याचा बाक रस्त्यावरून दिसतो, हे मात्र माझ्या मनातही आलं नाही.

"मी कशाला नेऊ ओ ती बाहुली?" त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. "माज्या घरात चार ताटं ठेवायला जागा नाय."

"विकायला नेली असतील."

"कोण घेतो? तुमी घ्याल?"

मी आवाज चढवला. उलट बोलणारा माणूस काहीतरी लपवतो, असा आमच्या खात्यात एक समज असतो. तिसऱ्या दिवशी त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "सरांना भरवायला कोण हाय आता? त्यांचा पोरगा मला घरात घेत नाय." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

दोन दिवसांनी खबर आली. पेणहून गणपतीच्या मूर्ती पोचवणारा एक टेम्पोवाला आमच्या हवालदारांच्या ओळखीचा होता. तो चहा पिता पिता म्हणाला, "रामवाडीच्या एका कारखान्यात गंमत हाय. गणपतीच्या बाजूला बारके बारके शिपाई वाळत घातलेत."

पेण! मावशींचं माहेर तिकडचं. माझ्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. मी तेव्हाच हवालदारांना म्हणालो की संध्याकाळपर्यंत केस उघड होईल.

पेणच्या ठाण्यात नोंद केली, दोन पंच घेतले आणि कारखान्यात शिरलो. तीन बाजूंना पांढऱ्या मूर्ती, मातीचा आणि रंगाचा वास. खिडकीशी एका फळीवर ते शिपाई ओळीने उभे होते. समोर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. हातात अगदी बारीक ब्रश. त्या मूर्तींची आखणी करायच्या, म्हणजे डोळे आणि भुवयांच्या रेषा काढायच्या. मूर्तीवरचं सगळ्यात अवघड काम ते.

मी म्हणालो, "हा चोरीचा माल आहे. तुम्हाला कुणी दिला? मिठागरवाल्या बाईने ना?"

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, मग माझ्याकडे पाहिलं. "कोण मिठागरवाली? हे सरांचं काम आहे."

"कोण सर?"

"माझे सर. शाळेत चित्रकलेला होते. इतकी वर्षं झाली, पण एसटीने आले, पिशवी घेऊन. म्हणाले, तुझ्याच हातून करून घ्यायचंय."

मला खरं वाटेना. मी तासभर उलटसुलट विचारलं. कधी आले? अंगात काय होतं? सोबत कोण होतं? एकदाही त्या अडखळल्या नाहीत. मग उठून त्यांनी एक कागद आणून दिला. त्यावर पेन्सिलीने एका शिपायाचं मोठं तोंड काढलं होतं. पापणी कुठे, बुबुळ कुठे, उजेडाचा ठिपका कुठे, सगळं बाण काढून दाखवलेलं. रेषा थरथरलेल्या होत्या.

"सरांचा हात कापतो आता," बाई म्हणाल्या. "नाहीतर त्यांनी स्वतःच केलं असतं. म्हणाले, पोरगा एकदा जेवताना बोलला, बाबा, बघा, यांचे डोळे कसे ठिपके मारल्यासारखे. आई गेल्यापासून पोरगा आपणहून माझ्याशी बोलला ते तेवढंच. असं सर म्हणाले. सेहेचाळीस झालेत. चौदा राहिलेत. सर येतील म्हणून मी वाट बघतेय. बरे आहेत ना?"

झटक्याचं मी सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

माल जप्त करून अष्टमीला आणला. फिर्यादीने टेबलावरचा निशाणवाला उचलला, खिडकीशी नेला, परत आणला. "सर, हे माझे नाहीत."

आता माझं डोकं पार चक्रावलं. "नाहीत म्हणजे?"

"माझ्या शिपायांवर असं काम नव्हतं. हा बघतोय, सर. हा कुठेतरी बघतोय."

मी विचारलं, ओळखीची काही खूण? तो म्हणाला, तळाला शाईने नंबर घातलेत, स्वतःच्या हाताने. त्याने शिपाई उलटा केला. सतरा. दुसरा केला. बत्तीस. अक्षर त्याचंच होतं.

शिपाई मुठीत धरून तो वडिलांच्या खोलीत गेला. मी दारात थांबलो. वडिलांनी मुठीतलं पाहिलं, बोट डोळ्याला लावलं, हवेत रेघ ओढली, आणि मग हात खाली टाकून मुलाकडे बघत राहिले. मुलगा खाटेच्या कडेला बसला. "बाबा, मी तुम्हाला चष्मा आणला हो," एवढंच त्याला बोलता आलं.

त्याच संध्याकाळी त्याने पुण्याच्या दुकानदाराला फोटो पाठवले. तिकडून निरोप आला की मूळ रंग गेला, आता संग्राहक हात लावणार नाहीत. काम मात्र असं आपण कधी पाहिलं नाही. फिर्यादीने तो निरोप मला वाचून दाखवला आणि विचारलं, "सर, म्हणजे माझं नुकसान झालं की नाही?" मी हवालदारांना विचारलं तर ते म्हणाले, "मला तर पयल्यापासूनच कळला नाय."

पुढे तो स्वतः रामवाडीला जाऊन उरलेले चौदा बाईंकडे ठेवून आला. माझ्यापुरता गुन्हा संपला. कोर्टात 'क' समरी पाठवली. गुन्हा खराही नाही आणि खोटाही नाही, गैरसमजुतीने दाखल झाला, असा त्याचा अर्थ.

आठवड्याने मावशी ठाण्यात आल्या. या वेळी आपण होऊन. बाकावर बसल्या नाहीत.

"साहेब, मी चोरी केली नाय असा कागद द्या."

"तुमच्यावर गुन्हाच नव्हता, मावशी. फिर्यादीत तुमचं नाव नाही. कागद कशाचा देऊ?"

"नाव नव्हता तर माजी चार घरं कशी गेली?"

इंजिनिअर त्यांच्या दारी जाऊन माफी मागून आला होता. सरांसाठी म्हणून त्या त्याच्याकडे परत कामालाही लागल्या होत्या. बाकीच्या चार घरांनी मात्र त्यांना बाकावर बसलेलं पाहिलं होतं, किंवा कुणाकडून ऐकलं होतं. ज्याचं नाव कधी लिहिलंच नाही, त्याचं नाव खोडून द्यायचा अर्ज आमच्याकडे नसतो. मी टोपी घातली आणि म्हणालो, "चला."

भर दुपारी आम्ही पुलावरून चालत अष्टमीला गेलो. जीप घेतली असती तर लोकांना पुन्हा वेगळंच वाटलं असतं. पहिल्या घरी मी सांगितलं, चूक पोलिसांची होती, या बाईंनी काही केलेलं नाही. घरातल्या आजींनी लगेच पाणी दिलं, आम्हा दोघांनाही. दुसऱ्या घरी नवऱ्याने "बरं बरं" म्हणत मान हलवली आणि उद्यापासून या म्हणाला. तिसऱ्या घरीही जमलं.

चौथ्या घरी एका बाईंनी दार अर्धंच उघडलं. माझं सगळं नीट ऐकून घेतलं. मग साधेपणाने विचारलं, "पण काहीच नव्हतं, तर तुम्ही हिला तीन दिवस बोलावलंत कशाला?"

चौतीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. उत्तर न देणाऱ्या माणसाच्या तोंडावर काय काय दिसतं, ते मला पाठ होतं. त्या दारात तेच माझ्या तोंडावर दिसलं असणार. मावशी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनाही ते ऐकायचं होतं.

"माझ्याकडे उत्तर नाही," मी म्हणालो.

त्या बाईंनी दुसरी कामवाली ठेवली होती. दार लागलं. जिना उतरताना मावशी म्हणाल्या, "तीन झाली. बास झाली. चला साहेब, माजी गाडी जाईल."

त्या शिपायांची खरी किंमत किती, हे मला अजून कळलेलं नाही. ती ठरवायला मी रोह्याच्या बाजारात विचारलं, पुण्याला फोन लावला, हिशोबाचे दोन कागद भरले. मावशींबद्दल मात्र मी त्यांच्या पाच घरांपैकी एकाही घरी, ही बाई कशी आहे, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. उरलेल्या नोकरीत मी 'जरा येऊन जा' असा निरोप पुन्हा कुणालाही धाडला नाही. विचारायचं असेल तर मीच उठून जात असे.