तक्तेकाका

तक्तेकाकांनी आयुष्यात कुठलीही वस्तू तक्ता केल्याशिवाय घरात आणली नाही. कुकर घ्यायचा झाला तरी कोऱ्या कागदावर उभ्या-आडव्या रेघा आखायचे. डावीकडे कुकर, वरच्या ओळीत गुण, आणि शेवटी बेरीज. चष्म्याची फ्रेम, कूलर, मुलीसाठी आलेली स्थळं, सगळं त्या रेघांतून गाळून निघायचं. "आमचे जावई तक्त्यात दुसरे आले होते," असं काकू हसत सांगायच्या. काकांना ते आवडत नसे. "दुसरे नव्हते, संयुक्त पहिले होते," असं म्हणून ते पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

खरं आडनाव वेगळंच होतं, पण इकडे हिंदी मुलखात, नेहरू नगरातल्या आम्हा चार मराठी घरांत ते तक्तेकाकाच. मूळचे ग्वाल्हेरचे. बरखेड्याच्या मोठ्या कारखान्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. साहेबांनी दिलेला कच्चा आराखडा शाईने नीट उतरवून द्यायचा, हे त्यांचं काम. नोकरीच्या शेवटी शेवटी कॉम्प्युटर आला, तोही ते शिकले. "छत्तीस वर्षांत मनाची एक रेघ मारली नाही," हे ते अभिमानाने सांगायचे. ऐकणाऱ्याला त्यात अभिमान वाटण्यासारखं काय ते कळायचं नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते आणि काकू आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहायला आले.

माझं दुकान त्याच गल्लीत आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं. वीस वर्षं मी लोकांची नावं मोठी करते आहे आणि वीस वर्षं लोक म्हणताहेत, "दीदी, थोड़ा और बड़ा कर दो." दुपारपर्यंत डोकं उठतं. त्यात अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. मोबाईलवर चित्र काढायला कुठलं अ‍ॅप चांगलं? कॉम्प्युटरवर कुठलं? विचारणाऱ्यांतले निम्मे कधीच काही काढत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. त्यामुळे मी एक नाव सांगते आणि कामाला लागते.

काका पहिल्यांदा आले ते एका एप्रिलमध्ये, सकाळी साडेअकराला. "बेटा, मला स्क्रीनवर एक चित्र काढायचंय. घरगुती. फोनवर सुरू करून कॉम्प्युटरवर पुरं करता येईल असं काय आहे?" मी एका मिनिटात सांगितलं. फुकट आहे, दोन्हीकडे चालतं, चुकलं की मागे जाता येतं, हवं तेवढं मोठं करून काढता येतं. आजच बसा, असंही म्हटलं. काकांनी डायरीत नाव लिहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अगं, पण एकाच नावाची तुलना कशाशी करू? कमीत कमी तीन लागतात." मी आणखी दोन सांगितली. तिथे मी चुकले.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, जी मला मात्र फार उशिरा कळली. काकांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे बिघडत चालले होते. त्या आजारात नजरेचा मधला भाग आधी जातो, कडेचं दिसत राहतं. दार दिसतं, दारातलं माणूस दिसतं, त्याचा चेहरा दिसत नाही. इंजेक्शनं चालू होती, पण नजर किती दिवस टिकेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. ती जाण्याआधी काकांना काकूंचा चेहरा काढायचा होता. कागदावरची पेन्सिलीची रेघ त्यांना फिकट दिसू लागली होती आणि कागद काही ताणून मोठा करता येत नाही. स्क्रीनवर एकेक डोळा ताटाएवढा करून काढता येतो. म्हणून ही सगळी खटपट.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की एक निवृत्त गृहस्थ रोज साडेअकराला दुकानात येऊन उभे राहतात. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. "बसलो की वेळ जातो," म्हणायचे आणि तासभर उभे राहायचे. तक्त्यात त्यांनी सॉफ्टवेअरची नावं लिहिलीच नव्हती. क्रमांक एक, क्रमांक दोन, असं होतं. "नाव आलं की पक्षपात आला," हे त्यांचं तत्त्व. वर रकाने: चित्राचे किती थर एकावर एक ठेवता येतात, पेनचा दाब ओळखतं का, नेट नसेल तर उघडतं का, जाहिरात मध्येच येते का. असे एकवीस रकाने होते, आणि दर आठवड्याला एखादा वाढायचा.

प्रत्येक सॉफ्टवेअरची परीक्षा ते एकाच चित्राने घ्यायचे. षटकोनी नट आणि त्यात बसलेला बोल्ट. समोरून, वरून, बाजूने. सगळ्यांना प्रश्नपत्रिका एकच हवी, असं त्यांचं म्हणणं. फोनवर दाखवायला आणायचे आणि मी बघायचे. खोटं कशाला बोलू, नट-बोल्ट देखणे असायचे. बोल्टाचा एकेक आटा मोजून घ्यावा असा. ज्या माणसाला बायकोचा चेहरा काढायचा आहे तो वर्षभर नट-बोल्ट काढून साधन पारखतो आहे, हे कळलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. तेव्हा मी फक्त "वा काका" म्हणून पत्रिकेतल्या गणपतीकडे वळायचे.

एक सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून बघायला देत होतं. काकांनी ते घेतलं, रकाने भरायला बसले आणि बाराव्या रकान्यावर असताना महिना संपला. स्क्रीन बंद. काका संतापून दुकानात आले. "हे काय झालं? प्रकरण आमच्याकडे विचाराधीन असताना मुदत कशी काय संपते?" मी म्हटलं, काका, कॉम्प्युटरला काय ठाऊक विचाराधीन. तर म्हणाले, "तसं कळवायला पाहिजे होतं. स्मरणपत्र पाठवतात, भई." मग त्या सॉफ्टवेअरपुढे लाल शाईने शेरा पडला: व्यवहारात शिस्त नाही.

मला हसू यायचं आणि कंटाळाही यायचा. कंटाळा जास्त. लग्नसराईत प्रिंटर अडकलेला, दोन गिऱ्हाइकं डोक्यावर उभी, आणि काका विचारताहेत की थर एकमेकांवर सरकवता येणं हा गुण धरायचा की दोष. अशा एका सकाळी मला युक्ती सुचली. मी सहज म्हटलं, "काका, एक नवीन आलंय, ते बघितलंत का?" त्यांनी नाव लिहून घेतलं आणि लगेच घरी गेले. तीन आठवडे फिरकले नाहीत. त्या तीन आठवड्यांत मला फार बरं वाटलं. मग मी तेच करायला लागले. काका दारात दिसले की एक नाव द्यायचं. कुठलंही, नेटवर जे पहिलं दिसेल ते. त्यांतलं एक तर लहान मुलांचं होतं, पडद्यावर बोट ठेवलं की फुगे यायचे. काकांनी त्यातही नट-बोल्ट काढले.

असे चौदा महिने गेले. एकदा बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात काकू भेटल्या. त्या उज्जैनच्या, बोलणं मऊ. मी थट्टेने विचारलं, "काय काकू, तक्ता झाला का पुरा?" त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली.

"काय सांगू बेटा तुला. काल मी दारात उभी राहिली, तर मला विचारतात, कोण आहे? मी तर घाबरूनच गेली. आवाज दिला तेव्हा ओळखलं."

मग त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. चित्र कुणाचं तेही सांगितलं. "मला नाही बोलले कधी. पण डायरीत वाचलं मी. प्रकल्प म्हणून लिहिलंय आणि समोर माझं नाव." एवढं बोलून त्या मेथीवाल्याकडे वळल्या आणि जुडी ताजी नाही म्हणून तक्रार करू लागल्या. मला मात्र तिथे उभं राहवेना. मला स्वतःची अतिशय लाज वाटत होती.

तिथून थेट त्यांच्या घरी गेले. काका टेबलाशी होते. म्हटलं, "काका, तक्ता बंद. उद्या सकाळी चित्र सुरू." ते गडबडले. "एक आठवडा दे. अंतिम टिपणी व्हायचीय." मी म्हटलं, टिपणी नंतर करा. त्यांनी मुकाट्याने बेरजेचा रकाना माझ्यापुढे सरकवला. क्रमांक एक सगळ्यांत वर होता, म्हणजे मी पहिल्या दिवशी सांगितलेलं. "बघ, तुझंच बरोबर निघालं," ते खूश होऊन म्हणाले, "पण आता ते सिद्ध झालं."

मी विचारलं, काकूंचे इतके फोटो आहेत, फोटो का नको? काकांनी तक्त्याचे कागद जुळवून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "फोटोत ती फोटोवाल्याकडे बघते. माझ्याकडे कुठे बघते?"

दुकानातली पेनची पाटी, जिच्यावर रेघ मारली की स्क्रीनवर उमटते, ती मी त्यांच्या कॉम्प्युटरला लावून दिली. पंधरा दिवस, रोज सकाळी तासभर, काकू गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. पहिल्या दिवशी मीही होते. काका पेन हातात घेऊन बसले आणि काकूंकडे बघायचं सोडून गॅलरीच्या कठड्याकडे मान वळवली. काकू म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे बघा की."

"बघतोय," काका म्हणाले. "असंच बघावं लागतं आता. सरळ बघितलं की तू जातेस."

काकूंनी पदर नीट केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

सोळाव्या दिवशी मला चित्र बघायला बोलावलं. भांग होता, कानाजवळचे पांढरे केस होते, कुड्या होत्या. गळ्यावरच्या सुरकुत्या, मंगळसूत्राचा एकेक मणी, खांद्यावरच्या पदराची घडी, मांडीवरचे हात आणि त्यातल्या बांगड्या, सगळं इतकं नेमकं की पाठमोऱ्या असत्या तरी मी काकूंना ओळखलं असतं. चेहऱ्याची कड होती. आत काही नव्हतं. "चार वेळा काढला," काका म्हणाले. "नट-बोल्टासारखा आला. पुसला."

मी म्हटलं, मी करून देऊ का? फोटो बघून अर्ध्या तासात होईल. मला खरंच करून द्यायचं होतं. काहीतरी करायचं होतं. "नको," ते शांतपणे म्हणाले. "न दिसलेलं काढायचं नसतं बेटा. ड्रॉइंगवर एक खोटी रेघ गेली की पुढे कारखान्यात भाग बसत नाही." खाली उजव्या कोपऱ्यात सवयीने चौकट आखलेली होती. 'काढले' यापुढे त्यांचं नाव. 'तपासले' रिकामं होतं. तिथे काकूंनी वाकड्या अक्षरात सही केली.

जिन्यापर्यंत काकू मला सोडायला आल्या. मला वाटलं, त्या रडतील. त्या म्हणाल्या, "चेहरा नाही आला तर नाही आला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हे पंधरा दिवस रोज तासभर माझ्याकडे बघत बसले. मला तर लाजच वाटत होती." आणि खरोखरच लाजल्या. मी खाली येऊन दुकान उघडलं आणि एका बारशाचं कार्ड करायला घेतलं.

पुढच्या दिवाळीआधी ती दोघं मुलीकडे उज्जैनला राहायला गेली. जावई गाडी घेऊन आले होते. सामान चढत असताना काका काठी टेकत दुकानात आले. त्यांना न सांगता जाऊ द्यायचं नाही, आज सांगूनच टाकायचं, असं मी ठरवलं होतं. म्हटलं, "काका, तक्त्यातली अकरापैकी आठ नावं मी तुम्हाला टाळायला दिली होती. तुम्ही जावं म्हणून."

काका त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

"कळायचं मला," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं नोकरी केली. टाळाटाळ कळणार नाही का? पण मी ती नावं घ्यायचो ना. कोरी स्क्रीन उघडली की भीती वाटायची, बेटा. मनाची रेघ कधी मारलीच नव्हती. आणि पहिली मारायची ती तिच्या चेहऱ्यावर. तू नाव दिलंस की तेवढे तीन आठवडे सुटका व्हायची. तू दिलं नसतंस तर दुसरीकडून आणलं असतं."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीकडे गेले.

ते म्हणाले ते खरंही असेल. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील. तेवढे ते भले होते. गेल्या वर्षभरात मी या वाक्याचा पुष्कळ आधार घेऊन पाहिला. पण ज्या एप्रिलमध्ये ते माझ्या दुकानात पहिल्यांदा आले, त्या एप्रिलमध्ये काकूंचा चेहरा त्यांना दिसत होता.