तायडे मॅडमची कथा मी एकदाच वाचली

तायडे मॅडम गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आमच्या छोट्या मासिकाच्या अंकाचे गठ्ठे बांधत होतो. वर्गमित्र एवढंच म्हणाला, "मॅडम गेल्या बे..." आणि मनात आधी आलं ते दुःख नव्हतं. आता त्या मला पुन्हा काही विचारणार नाहीत, असं वाटून हायसं वाटलं. हे लिहायला तीन आठवडे लागले ते त्याच लाजेपायी.

जळगाव जामोदला दहावीत त्या आम्हाला मराठी शिकवत. कथा तीनदा वाचायची, हा त्यांचा नियम. पहिल्यांदा पुस्तक मिटून नुसतं ऐकायचं आणि कथेचा भाव एका शब्दात सांगायचा. दुसऱ्यांदा शेवटाची चाहूल कुठल्या वाक्यात लागते ते शोधायचं. पेन्सिल हातात घ्यायची ती तिसऱ्यांदा, लक्षणं टिपायला... एकटेपणा, निसर्गाशी बोलणं, नसलेल्याची ओढ, म्हणून कथा रोमँटिक. मी वडिलांच्या शेतमजूर चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. "पण मॅडम, यातली जमीन कोणाची?" असं विचारायचो. "लेका, मालक सापडला तुले," त्या हसायच्या, "आता कथेतल्या बाईले रडू काऊन आलं, थे सांग."

निवृत्तीनंतर, गेल्या वर्षी, त्यांनी आमच्या अंकासाठी स्वतःची कथा पाठवली. एक शिक्षिका रोज संध्याकाळी टेकडीवर जाते. आधी माथ्यापर्यंत, मग पळसापर्यंत, मग पायथ्याच्या दगडापर्यंत. शेवटी अंगणातूनच टेकडीला म्हणते, आता तू ये. मी ती एकदाच वाचली, तीही लाल पेन घेऊन. कथा छापली आणि खाली संपादक म्हणून लिहिलं, मजूर बाया याच टेकडीवरून मोळ्या आणतात, लेखिकेला मात्र तिथे फक्त संध्याकाळ दिसते. एकटेपणा, मावळतं ऊन, ऐकणारा डोंगर... त्यांनीच शिकवलेली लक्षणं मी आरोपांसारखी मांडली. चहाच्या टपरीवर पोरांनी ते मोठ्यानं वाचलं, सगळे हसले. मी छाती फुगवून ऐकलं.

मॅडमचा फोन आला. "लक्षणं बराबर काढली रे. चाहूल कुठं लागली?"

"चाहूल कसली, मॅडम? बाई दिवसेंदिवस आळशी होते, एवढंच."

"हाव?... पुन्हा वाच एकदा. पेन बाजूले ठेवून."

मी वाचली नाही.

त्या गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांची खाट खिडकीला लावलेली होती. त्यांच्या मुलीनं, ताईनं, मला तिथंच बसवलं. बाहेर अंगण, पुढे दगड, पळस, वर टेकडीचा माथा... एका ओळीत. "दीड वर्षापासून आजार होता," ती म्हणाली. "आईनं कोनालेच सांगतलं नाही. मले बी शेवटच्या महिन्यात कळलं. तुमच्यावर लई जीव होता तिचा... तुमाले काही बोलली होती काय?"

मी म्हणालो, "नाही."

ताई, मी खोटं बोललो. त्यांनी मला त्या कथेत सगळं सांगितलं होतं, स्वतःच्या अक्षरात, खाली सही करून. मी ते छापलं, आणि गावाला हसवलं.