शारजाचे माद्रिदकर

माद्रिदकरांना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे. ते खिशातून पेन्सिल आणि ब्लेड काढून तासायला बसत, टोक आधीच तीक्ष्ण असले तरी. तासणे थांबेपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

त्यांचे खरे आडनाव वेगळे, गाव कोल्हापूर. स्पेन त्यांनी पाहिलेला नव्हता. शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीतल्या मराठी कुटुंबांनी त्यांना हे नाव दिले, कारण एकोणिसाव्या शतकातल्या एका स्पॅनिश चित्रकाराविषयी ते शेजाऱ्याविषयी बोलावे तसे बोलत. तो सुताराचा मुलगा. माद्रिदच्या कलाशाळेत शिकला, शिष्यवृत्तीवर रोमला गेला, इतिहासातले प्रसंग भिंतीएवढ्या कॅनव्हासवर रंगवून पदके मिळवली आणि पुढे त्याच शाळेचा प्रमुख झाला. म्हातारपणी फॅशन बदलली. त्याची चित्रे संग्रहालयातून जिल्ह्याच्या कचेऱ्यांत गेली आणि तिथल्या कपाटांमागे.

"लोक हसले त्याचं काही नाही," माद्रिदकर म्हणत. "न बघता हसले."

शनिवारी ते इमारतीतल्या मुलांना शिकवत. रंग नाहीत, फक्त पेन्सिल, आणि समोर खरी वस्तू. "सर, व्हाय कान्ट वुई जस्ट ट्रेस इट?" माझ्या मुलीने एकदा विचारले. ब्लेड निघाले.

नोकरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, हॉटेलांची सजावट करणाऱ्या कारखान्यात. तिथे चित्रे छापून येत. माद्रिदकरांनी त्यांवर पारदर्शक जेलचे फटकारे मारायचे, म्हणजे ती हाताने काढलेली वाटत. या कामाला ते 'मेकअप' म्हणत. निवृत्ती जवळ आली तेव्हा मात्र एका नव्या हॉटेलच्या लॉबीसाठी त्या स्पॅनिश चित्रकाराचेच चित्र मागवले गेले, तेही हाताने रंगवलेले. वेढा संपल्यावर शहराच्या वेशीतून बाहेर पडणाऱ्या विधवा.

नमुना म्हणून आलेला फोटो तळहाताएवढा होता, चेहऱ्यांच्या जागी ठिपके. "माणूस समोर नसेल तर चेहरा येत नाही. त्यालाही येत नव्हता," असे म्हणून त्यांनी इमारतीतल्या बायकांना बोलावले. आमच्या हॉलमध्ये आमच्याच चादरी पांघरून त्या आळीपाळीने उभ्या राहिल्या.

"अहो माद्रिदकर, मान अवघडली. स्पेनच्या बायकांना मध्ये चहा तरी देत होते का?" सुलभाकाकूंनी विचारले. त्यांचे यजमान आदल्या वर्षी शारजातच गेले होते. आता काकू कायमच्या पुण्याला परतणार होत्या.

"वहिनी, मागे बघा. वेशीकडे."

"काय बघू तिथे?"

"जे सोडून चाललाय ते."

काकूंनी मान वळवली. सर्वांत पुढच्या विधवेचा चेहरा त्यांचा झाला.

कारखान्यात चित्र पूर्ण झाल्यावर मॅनेजर आला. पुढचे माद्रिदकरांनीच सांगितले. "मास्टरजी, वाह. लेकिन क्लायंट बोलता है, लॉबी में रोती हुई औरतें नहीं चलेंगी. आसमान रखो, औरतों पे घोड़े डाल दो. यल्ला, जल्दी."

"इनमें कोई नहीं रो रही. देखिए तो."

मॅनेजर फोन बघत होता. माद्रिदकरांनी ब्रश धुऊन ठेवला आणि पेन्सिल तासायला घेतली. बऱ्याच वेळाने मॅनेजर म्हणाला, "ठीक है, जैसा है वैसा जाएगा. खलास."

माद्रिदकरांनी विश्वास ठेवला. लवकरच व्हिसा संपला आणि ते कोल्हापूरला गेले. निघताना काकूंना म्हणाले, "वहिनी, चित्र लागलं की बघून या. चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडतो का, तेवढं कळवा."

हॉटेल सुरू झाले तेव्हा काकूंचेही परतीचे तिकीट आले होते. त्या ठेवणीतली साडी नेसून माझ्या आणि माझ्या मुलीबरोबर आल्या. चित्र सोफ्यांच्या वर होते. आकाश तेच, वेसही तीच. वेशीतून पांढरे घोडे बाहेर पडत होते. एका घोड्याच्या खुरांशी कापडाची एक घडी झाकायची राहून गेली होती. ती आमच्या चादरीची.

काकू इतक्या जवळ गेल्या की सिक्युरिटीवाल्याने "मॅडम, प्लीज" म्हटले. त्या मागे आल्या आणि तिथूनच कोल्हापूरला फोन लावला. स्पीकरवर.

"बोला वहिनी. उजेड?"

"उजेड बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "आम्ही नाही आहोत. घोडे आहेत."

माद्रिदकरांनी फोन ठेवला नाही. पलीकडून लाकडावर ब्लेड चालल्याचा आवाज येऊ लागला. आम्ही तिघेही तो ऐकत लॉबीत उभे राहिलो. तो थांबला नाही.